कुदरती आहे म्हणून?

नशेच्या विषयावर मोहल्ल्यातल्या तरुणांशी बोलायला बसलं की दारूवर कुणी वाद घालत नाही. वाद होतो तो अळंबीवर. "ती कुणी कारखान्यात बनवत नाही, पाऊस पडला की आपोआप उगवते. अल्लाहनेच उगवलेली चीज हराम कशी?" कोडाईकनालला जाऊन आलेल्या मित्राचा हवाला असतोच. आपण डोळे वटारतो, कायद्याचा धाक घालतो. नशा हराम, यात मलाही शंका नाही. पण या पोराला त्याच्याच मुद्द्यावर उत्तर द्यायला हवं. कुदरती म्हणतोस ना, मग ती कुदरत नीट बघ.

या अळंबीतला नशेचा पदार्थ म्हणजे सिलोसायबिन. तिची सर्वांत परिचित जात, सिलोसायबी क्युबेन्सिस, उष्ण आणि दमट मुलखात गायी-म्हशींच्या शेणावर, हत्तीच्या लिदीवर उगवते. युरोपातली एक जात मेंढ्यांच्या कुरणात सापडते, पण ती शेणावर नाही, गवताच्या कुजत्या मुळांवर जगते. काही जाती सडक्या लाकडावर. आपल्याला दिसते ती छत्री चार दिवसांची. खरा जीव म्हणजे आत पसरलेलं बारीक धाग्यांचं जाळं. शेण-पाचोळा कुजवून मातीला परत देणं हे त्याचं काम.

मग त्यात नशा कशाला? शेण आणि सडकं लाकूड म्हणजे किड्यांची झुंबड. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की सिलोसायबिन बनवणाऱ्या जनुकांचा गठ्ठा दूरच्या नात्यातल्या बुरश्यांमध्ये एकीकडून दुसरीकडे गेला आहे, आणि या बुरश्या नेमक्या अशाच जागी राहतात. त्यांचा अंदाज असा, की हा पदार्थ किड्यांची भूक मारण्यासाठी असावा. अंदाजच आहे, पण मला पटतो. म्हणजे भाई, हा बंदोबस्त किड्यांसाठी आहे, तुझ्यासाठी नाही!

आणि त्याच कुदरतीत गॅलेरिना मार्जिनाटाही आहे. सडक्या लाकडावर उगवणारी, तपकिरी, लहानशी, सिलोसायबीच्या काही जातींसारखी दिसणारी. तिच्यातलं अमॅटॉक्सिन शिजवूनही जात नाही. सहा ते चोवीस तास काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब, मग बरं वाटतं, आणि तोवर यकृत निकामी होत असतं. मोबाइलवरचा फोटो बघून हा फरक ओळखता येत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात जामीन दिला, तेव्हा "आता परवानगी आहे" असे मेसेज फिरले. तो मुद्दा जप्त मालाचं वजन कसं धरायचं याचा होता. सिलोसायबिन १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत आजही आहे.

घरातल्या मोठ्यांना एवढंच सांगतो, पोराने रानातली अळंबी खाल्ली असं कळलं तर बदनामीच्या भीतीने सकाळची वाट बघू नका, आणि बरं वाटतंय म्हणून थांबू नका. तडक दवाखान्यात न्या, डॉक्टरपासून काही लपवू नका, आणि उरलेली अळंबी कागदात गुंडाळून सोबत घ्या. प्लास्टिकच्या पिशवीत ती लगेच सडते.