जुन्या गाडीतली गंमत तपासता येते

वापरलेली गाडी घ्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकांत एक वर्ग हमखास असतो. त्याला गाडी रोज कामावर न्यायची असते, सुटीत घरच्यांना घेऊन गावी जायचे असते आणि घाटात स्टिअरिंग हाती आल्यावर गाडीने साथही द्यावी असे वाटत असते. बजेट तीन ते सहा लाखांचे. यातली किंमत आणि सोय गॅरेजवाल्याला व विक्रेत्याला मोजता येते. चालवण्यातली गंमत मात्र ज्याची त्याची आवड म्हणून सोडून दिली जाते. खरे तर तिचीही बहुतेक अंगे तपासता येतात, आणि त्यासाठी वेगळी तपासणी लागत नाही. ज्या भागांवर गाडीची मजा अवलंबून असते, तेच भाग झिजले की खर्च काढतात.

पहिले अंग वजन आणि ताकदीचे. २०१८ मध्ये आलेल्या तिसऱ्या पिढीच्या स्विफ्टचे १.२ लिटर पेट्रोल इंजिन ८३ पीएसचे आहे आणि गाडीचे वजन ८७० किलोंच्या आसपास. २०१३ च्या पोलो जीटी टीएसआयचे इंजिन १०५ पीएसचे, पण वजन अकराशे किलोंच्या घरात. २०१५ ची फोर्ड फिगो १.५ डिझेल १०० पीएसची आणि साधारण साडेदहाशे किलोंची. तिन्ही गाड्यांचा हिशेब टनामागे ९५ पीएसच्या जवळपास येतो. म्हणजे जाहिरातीतला पीएसचा आकडा पाहून कोणती गाडी चपळ हे सांगता येत नाही.

तरीही या तिघी रस्त्यावर अगदी वेगळ्या वागतात, कारण टॉर्क मिळण्याची जागा वेगळी. स्विफ्टचा ११३ न्यूटन-मीटर टॉर्क ४,२०० आरपीएमला मिळतो. तिला गिअर खाली घेऊन इंजिन फिरवावे लागते, आणि ज्याला गिअर बदलण्यात आनंद आहे त्याला तेच आवडते. पोलोचा १७५ न्यूटन-मीटर १,५०० आरपीएमपासून हजर असतो, त्यामुळे चढावर पाय थोडा दाबला तरी ओढ मिळते. फिगोचा २१५ न्यूटन-मीटर १,७५० पासून मिळतो. भरलेल्या गाडीने ट्रक ओलांडताना तो कामी येतो, पण समोरच्या चाकांवर डिझेल इंजिनाचा भार असल्याने अरुंद वळणात नाक जड वाटते. गिऱ्हाइकाला आधी त्याचा नेहमीचा रस्ता विचारावा तो यासाठी. शहरातल्या सिग्नल-ते-सिग्नल प्रवासाला हलकी पेट्रोल गाडी, महामार्गावरच्या लांब रनिंगला टर्बो, असा साधा विभाग बहुतेक वेळा चुकत नाही.

दुसरे अंग स्टिअरिंग, गिअर आणि सस्पेन्शनचे. फियाट पुंटोला हायड्रॉलिक स्टिअरिंग होते. ते पार्किंगमध्ये जड पडते, पण वेगात रस्त्याची जाणीव हातापर्यंत पोचवते. होंडा सिटीचे १.५ आय-व्हीटेक इंजिन आपली ११९ पीएस ताकद ६,६०० आरपीएमला देते आणि सोबतचा मॅन्युअल गिअर हलका, नेमका पडतो. असे गुण गाडी नवी असताना मिळालेले असतात. लोअर आर्मचे बुश, शॉकअप, टायर आणि गिअर लिंकेज झिजले, की दीड लाख किलोमीटर झालेल्या चांगल्या गाडीतही त्यांचा मागमूस राहत नाही. नीट ठेवलेली साधी वॅगनआर त्या वेळी खिळखिळ्या झालेल्या पोलोपेक्षा चालवायला सुखाची असते.

परवडण्याचा प्रश्न खरेदीच्या दिवशी संपत नाही. तो सुट्या भागांशी बांधलेला असतो. १.३ लिटर मल्टिजेट हे त्याचे उत्तम उदाहरण. फियाटचे हे डिझेल इंजिन पुंटो आणि लिनियात होतेच, शिवाय स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा, ब्रेझा आणि टाटाच्या इंडिका व्हिस्टातही होते. मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल बंद केले तरी त्याचे इंजेक्टर, टर्बो, वॉटर पंप आणि ते काम जाणणारे मेकॅनिक तालुक्याच्या गावीही सापडतात. म्हणून पुंटोचे इंजिन चिंतेचे नसते. तिचा हेडलॅम्प, दरवाजाचे लॉक किंवा बंपर मिळवताना दमछाक होते. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. फिगो कमी किमतीत मिळते ती त्यामुळेच, आणि घेण्याआधी जवळ तिचे काम करणारे वर्कशॉप आहे का, हे पाहावे लागते ते त्यासाठीच. चाकणला बनणारी पोलो २०२२ मध्ये बंद झाली. तिचे बरेच भाग व्हेंटो आणि रॅपिडला चालत असल्याने पुरवठ्याची स्थिती बरी आहे. जुन्या जीटी टीएसआयमधला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी मात्र स्वतंत्रपणे तपासावा लागतो. त्याचे मेकाट्रॉनिक युनिट गेले तर खर्च लाखापुढे जाऊ शकतो, आणि चार लाखांच्या गाडीला तो झेपत नाही.

सोयीची तपासणी तुलनेने सोपी. दुसऱ्या पिढीच्या स्विफ्टची डिकी २०४ लिटरची होती, तिसरीची २६८ झाली. चौथ्या पिढीच्या सिटीची ५१० लिटर. चौघांचे सामान घेऊन गणपतीला कोकणात जाणाऱ्या कुटुंबाला हा फरक पहिल्याच प्रवासात कळतो. ग्राउंड क्लिअरन्स फिगोचा १७४ मिलिमीटर आणि तिसऱ्या स्विफ्टचा १६३. गावातले उंच गतिरोधक आणि लोड भरलेली गाडी असेल तर हे अकरा मिलिमीटर मोलाचे. सुरक्षेबाबत व्हेरिएंट पाहणे अटळ आहे. सर्व नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून. त्याआधीच्या बेस व्हेरिएंटमध्ये या दोन्ही गोष्टी नसू शकतात. ग्लोबल एनकॅपच्या २०१४ च्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे मिळाले आणि दोन एअरबॅग असलेल्या त्याच गाडीला चार. ज्या गाडीकडून घाटात चपळाईची अपेक्षा आहे, तिला एबीएस नसणे हा सौद्याचा भाग होऊ शकत नाही.

इंधनाची निवडही वापरावरून ठरते. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ असतो. तो स्वच्छ व्हायला इंजिन सलग काही वेळ गरम चालावे लागते. रोज चार-पाच किलोमीटर चालणारी गाडी तो तुंबवून ठेवते. पेट्रोलच्या बाजूला ई-२० आले आहे. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या इतक्या इथेनॉलसाठी बनवलेल्या नव्हत्या. त्यांत अॅव्हरेज थोडे कमी पडते आणि जुने रबरी पाइप, सील व इंधन पंप यांच्यावर लक्ष ठेवावे लागते. दहा वर्षांच्या पेट्रोल गाडीचे इंधनाचे पाइप बदलणे स्वस्तातले काम आहे. ते खरेदीबरोबरच उरकावे.

तपासणीची सुरुवात कागदांपासून होते. आरसीवरचा चॅसी व इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळवणे, कर्जाचा बोजा उतरला आहे का हे पाहणे, विम्यातील क्लेमचा इतिहास आणि थकलेली चलने काढणे, ही कामे गाडीला हात लावण्याआधीची. परराज्यातून, विशेषतः दिल्ली परिसरातून, स्वस्त म्हणून आणलेल्या गाडीला एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि नव्या नोंदणीचा खर्च जोडला की स्वस्ताई बरीचशी विरते. पंधरा वर्षांच्या जवळ आलेल्या गाडीला पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर हिशेबात धरावा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी पाटी बसली आहे का, हेही तेव्हाच पाहावे.

बॉडी पाहताना रंगाच्या चकाकीपेक्षा बॉनेटखालचे एप्रन बोलके असतात. कंपनीत झालेल्या स्पॉट वेल्डचे ठिपके एकसारख्या अंतरावर, किंचित खोलगट असतात. एका बाजूचे ठिपके स्पष्ट आणि दुसऱ्या बाजूला पुट्टी किंवा रंगाचा जाड थर दिसला, तर त्या बाजूला मार लागला होता असे समजावे. फेंडर आणि बॉनेटच्या बोल्टवरचा रंग पान्याने उडालेला असेल तर तो भाग एकदा उघडला गेला आहे. नुसते फेंडर बदलणे हा दोष नव्हे. एप्रन, पिलर किंवा सस्पेन्शन बसते ती जागा ओढून सरळ केली असेल तर ती गाडी चालवण्याच्या आनंदासाठी कायमची बाद. तिचे अलाइनमेंट कागदावर बसते, पण ब्रेक मारताना ती एका बाजूला ओढतच राहते.

पुरातून निघालेल्या गाड्यांसाठी वेगळी नजर लागते. जुलै २००५ ची मुंबई, ऑगस्ट २०१९ चे कोल्हापूर-सांगली आणि जुलै २०२१ चे चिपळूण, अशा प्रत्येक पुरानंतर बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून बाजारात येण्याचा धोका असतो. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला की आतल्या भागावर गाळाची रेघ सापडते. सीटचे रूळ, स्टेपनीची खोबण, डॅशबोर्डखालच्या वायरिंगचे कनेक्टर आणि कार्पेटखालचा फोम इथेही तीच खूण शोधावी. अशा गाडीचे इंजिन दुरुस्त होते. वायरिंगमधले विद्युत दोष वर्षभर एकेक करून डोके वर काढतात.

इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहायचे. विक्रेत्याने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसरा दिवस मागावा. ऑइलचे झाकण उघडल्यावर धुराचे जोरदार झोत आले तर पिस्टन रिंग झिजल्याची शंका घ्यावी. टर्बो गाडीच्या इंटरकूलरच्या पाइपात ऑइलचा पातळ थर चालतो, साचलेले ऑइल चालत नाही. स्कॅनर लावल्यावर दोषाचा कोड नाही म्हणून थांबू नये. एमिशनच्या स्वयंतपासण्या अपुऱ्या दिसत असतील, तर कोड नुकतेच पुसले असल्याचा किंवा बॅटरी काढली गेल्याचा तो इशारा असतो. मीटर मागे केल्याचा संशय असेल तर सर्व्हिस रेकॉर्ड, पेडलच्या रबराची झीज, स्टिअरिंगवरचे पॉलिश आणि टायरवरची चार आकडी तारीख एकत्र वाचावी. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. २०१९ ची गाडी तीस हजार किलोमीटर चाललेली सांगतात आणि टायर २०२२ चे निघतात, तेव्हा टायर इतक्या लवकर का बदलले याचे उत्तर मागावे.

त्यानंतर रस्ता. टेस्ट ड्राइव्ह दुकानाला वळसा घालून संपवू नये; सपाट, खडबडीत आणि चढाचा असा तिन्ही प्रकारचा रस्ता लागतो. सपाट, मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगाला स्टिअरिंगवरची पकड सैल केल्यावर गाडी सरळ जावी. टायरची हवा योग्य असूनही ती ओढली तर अलाइनमेंट, ब्रेक किंवा अपघात यांतले एक कारण असते. तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगावरून पाय पूर्ण दाबावा. आरपीएम चढून वेग वाढला नाही तर क्लच प्लेट घसरते आहे. गतिरोधकावर तिरके जाताना येणारी खटखट लिंक रॉड किंवा लोअर आर्मची, आणि वेगाबरोबर वाढणारी घरघर व्हील बेअरिंगची. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय उचलून गाडी उतरू द्यावी. गिअर सुटला तर गिअरबॉक्स उघडावा लागणार. जोरात ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरले तर डिस्क तपासावी. या प्रत्येक चाचणीतून दोष कळतो आणि त्याच वेळी गाडीची गंमत शिल्लक आहे का, तेही कळते.

सापडलेल्या दोषांचा हिशेब दोन रकान्यांत मांडावा. टायर, बुश, शॉकअप, ब्रेक पॅड आणि इंजिन माउंट हे परत मिळणारे गुण आहेत. पंधरा इंची चार चांगल्या टायरांना वीस-पंचवीस हजार लागतात. त्यात बुश आणि अलाइनमेंट धरले की मरगळलेली स्विफ्ट पुन्हा वळणाला चिकटते. वाकलेली चॅसी, पुराचे वायरिंग, खालून कुजलेला पत्रा आणि बिघडलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुसऱ्या रकान्यात, आणि तिथे एकही खूण झाली तर गाडी सोडावी. किमतीचा दहा ते पंधरा टक्के भाग पहिल्या रकान्यासाठी राखून ठेवला तर गिऱ्हाईक बजेटच्या बाहेर जात नाही. अलॉय व्हील आणि म्युझिक सिस्टिमवर जुन्या मालकाने केलेला खर्च किमतीत धरू नये. चाकाच्या कमानीबाहेर येणारे रुंद टायर तर स्टिअरिंग जड करून बेअरिंगवर भार टाकतात.

किमतीचा पाया २०२५ मध्ये हलला आहे. सप्टेंबरपासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्के अधिक सेस यावरून १८ टक्क्यांवर आला. दोन-तीन वर्षांच्या गाडीचा भाव आता नव्या गाडीच्या उतरलेल्या किमतीशी ताडून लावावा लागतो. जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्याला जुन्या गाडीवर जानेवारी २०२५ पासून १८ टक्के कर आहे, पण तो खरेदी-विक्रीच्या फरकावर. फरक उणे असेल तर कर नाही. डिसेंबर २०२२ च्या दुरुस्तीने आणि १ एप्रिल २०२३ पासूनच्या अंमलाने केंद्रीय मोटार वाहन नियमांत अधिकृत विक्रेत्याची व्यवस्थाही आली आहे. नोंदणी प्राधिकाऱ्याकडून परवानगी घेतलेल्या विक्रेत्याकडे गाडी आल्याची सूचना नमुना २९-सी मध्ये दिली, की ती विकली जाईपर्यंत तिची जबाबदारी त्याची मानली जाते, आणि तिच्या फेऱ्यांची नोंद ठेवणेही त्याच्यावर येते. मूळ मालकाच्या दृष्टीने हा मोठा दिलासा आहे, कारण मधल्या काळातली चलने आणि अपघात त्याच्या गळ्यात पडत नाहीत.

व्यवसायाला यातून एक सोपी पद्धत बसवता येते. प्रत्येक गाडीसोबत एका पानाची तपासणी द्यावी: कागद, बॉडी, इंजिन, खालचा भाग, टायरची तारीख, रस्त्यावरची वागणूक, लगेच करायचा खर्च आणि सुटे भाग मिळण्याची स्थिती. रस्त्यावरच्या वागणुकीचा रकाना आज बहुतेक पानांवर नसतो. तो भरला तर गिऱ्हाइकाला दोन सारख्या किमतीच्या गाड्यांतली निवड करता येते आणि विक्रेत्यालाही नीट ठेवलेल्या गाडीचा योग्य भाव मागता येतो.