शेताचा कोपरा आणि गॅरेजचा कोपरा



आमच्या धर्मग्रामातला एक तरुण मुळगावात गॅरेज सुरू करतो आहे. फादरांकडे आशीर्वादाची वेळ ठरवायला आला, तेव्हा आम्ही दोघे-तिघे स्वयंसेवक तिथेच खुर्च्या लावत होतो. जाता जाता तो म्हणाला, "नफ्यातला दशमांश मी देवळाला देणार आहे. पण तेवढ्याने धंदा देवाचा होतो का?"

प्रश्न चांगला होता आणि आम्हाला लगेच उत्तर देता आलं नाही. आठवडाभर आपसांत बोलून जे सुचलं ते इथे लिहितो आहोत. तो हे वाचेलच.

त्याच्या प्रश्नामागे घरचा इतिहास आहे. वडिलांनी कर्ज काढून खनिजाचा ट्रक घेतला होता. सप्टेंबर २०१२मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली आणि ट्रक अंगणात उभा राहिला. पुढे बंदी उठली, पण २०१८मध्ये न्यायालयाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प झालं. डिचोली तालुक्यात अशी अंगणं कितीतरी होती. नंतर लिलाव झाले, आपल्या भागातली खाण २०२४मध्ये पुन्हा चालू झाली, टिपर पुन्हा रस्त्यावर आले. म्हणूनच आज गॅरेज काढायला हा मुहूर्त बरा, हे कुणीही सांगेल. त्याच वेळी मुळगावचे लोक आपली घरं, देवळं, शेतं लीजच्या हद्दीबाहेर काढा म्हणून मागणी करत आहेत. ज्या गाड्या दुरुस्त करून याचं पोट भरणार, त्याच गाड्यांबद्दल शेजाऱ्याची तक्रार. धंद्याला हेतू हवा असेल तर तो या पेचातूनच शोधावा लागेल. भिंतीवर छान अक्षरात लिहिलेलं वाक्य इथे पुरणार नाही. (अशी वाक्यं हल्ली सगळ्याच कंपन्यांच्या भिंतीवर असतात. आम्ही ती वाचतो आणि विसरतो.)

लेवीय पुस्तकाच्या १९व्या अध्यायात कापणीचा नियम आहे. शेताचे कोपरे कापायचे नाहीत, खाली पडलेली कणसं वेचायची नाहीत. ती गरिबासाठी आणि परक्यासाठी. हा नियम आपण दानाचा समजतो, पण दान कणगी भरल्यावर होतं आणि कोपरा विळा चालू असतानाच सोडावा लागतो. किती पीक आलं, यंदा परवडलं की नाही, हा हिशेब व्हायच्या आधी. बवाजाच्या शेतात रूथ आली ती अशाच वेळी. तिला कुणी पाकीट दिलं नाही. तिने स्वतः वेचलं, झोडपलं आणि सासूसाठी घरी नेलं.

गंमत अशी की २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्याच्या खाणींना असाच एक कोपरा सोडायला लावला. पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधी उभारायचा आणि त्यात विक्रीच्या रकमेतले दहा टक्के टाकायचे. नफ्यातले नव्हे, विक्रीतले. नफा कागदावर कमीजास्त दाखवता येतो, हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

म्हणून दशमांश जरूर दे, पण तुझा हेतू त्यात शोधू नकोस, असं आमचं मत आहे. गॅरेजचा कोपरा कामातच असतो. जूनमध्ये तरव्याच्या दिवसांत एखाद्या शेतकऱ्याचा पॉवर टिलर बंद पडेल आणि त्याच सकाळी दोन टिपर दारात उभे असतील. टिपरवाला दुप्पट देईल, आणि रोख. त्या दिवशी टिलर आधी घेतलास तर तुझ्या धंद्याला हेतू आहे. त्याची किंमत तुझ्या खिशातून जाईल, हे आम्हाला माहीत आहे. जुनं ऑइल पिंपात साठवून नीट विल्हेवाट लावणाऱ्याला द्यायचं, की मागच्या ओहोळात सोडायचं, हाही तसाच प्रश्न. डिचोलीच्या खाण-गावांतल्या शेतांत पावसाबरोबर तांबडी माती आधीच उतरते. हाताखाली येणाऱ्या पोराला पाना धरायला शिकवतानाच पगारही वेळेवर द्यायचा. अनुवादाच्या २४व्या अध्यायात मजुरी सूर्यास्ताआधी द्यायला सांगितली आहे, आणि तिथे मालकाची अडचण विचारलेली नाही.

नफा म्हणजे पाप असं आम्ही म्हणत नाही. पौल तंबू शिवून पोट भरत होता, लुदिया जांभळं कापड विकत होती. गॅरेज बुडालं तर टिलर कोण दुरुस्त करणार? वसईतल्या आपल्या लोकांनी १९१८ साली पतसंस्था काढली, तीच आजची बसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक. अशा संस्थांची कल्पना मुळात जर्मनीतल्या रायफायझन नावाच्या एका भाविक नगराध्यक्षाची. त्याने १८६४मध्ये हेडेसडॉर्फ गावात शेतकऱ्यांची पतसंस्था उभी केली. आधी त्याने श्रीमंतांकडून मदत गोळा करून पाहिली होती, पण देणारे थकतात हे त्याच्या लक्षात आलं. मग शेतकरीच एकमेकांना जामीन राहिले. तिथे व्याज होतं, वसुली होती, वहीत पैन्‌पैचा हिशेब होता. सावकाराच्या दारात माणूस जाऊ नये हा हेतू त्या व्यवहारातच होता, बाजूला वेगळा ठेवलेला नव्हता.

एक गोष्ट आमच्यातल्याच एका बाईंनी आठवण करून दिली. तालुक्यात आपण ख्रिस्ती थोडे. त्यामुळे "आपल्या लोकांसाठी धंदा" असं ठरवलं तरी गिऱ्हाईक सगळ्या गावाचंच असणार. मुळगावची केळबाय आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण या बहिणी, असं इथला शेजारी पिढ्यान्‌पिढ्या मानतो आणि फेस्ताला तेल घेऊन म्हापशाला जातो. त्याने एवढं नातं मानलं, तर आपण निदान डुप्लिकेट पार्टला ओरिजिनलचं बिल लावू नये.

आम्ही हे सगळं त्याला तोंडीही सांगितलं. ऑइलच्या पिंपाचं त्याला पटलं. पगाराचंही. टिलरचं ऐकून तो जरा गप्प राहिला. "पहिल्या वर्षी बँकेचा हप्ता आहे," म्हणाला. खरं आहे ते. आमच्यापैकी कुणाच्या डोक्यावर तो हप्ता नाही, म्हणून आम्ही पुढे काही बोललो नाही. फक्त जूनमध्ये सकाळी दोन तास टिलरसाठी राखून ठेवता येतील का, एवढं विचारलं. "बघतो," म्हणाला.

आशीर्वादाची प्रार्थना येत्या रविवारी मिस्सानंतर गॅरेजमध्येच आहे. ज्यांना जमेल त्यांनी यावं. ओहोळाकडची वाट निसरडी आहे, म्हाताऱ्यांना हात द्यावा.