अयोध्येच्या नावाच्या नगरीत वाढदिवस

आमच्या कन्येने आपला पंचविसावा वाढदिवस घरापासून दूर, पाठीवर पिशवी टाकून हिंडताना, थायलंडमधील अयुथ्थया या प्राचीन राजधानीत साजरा केला. निघताना तिच्या आईचा एकच प्रश्न होता, "त्या दिवशी तुला ओवाळणार कोण?" मलाही हा सारा प्रकार पाश्चात्त्यांचे अनुकरणच वाटला होता. ते मत बदलावे लागले.

या नगरीचे नाव अयोध्येवरून पडले. १३५१मध्ये राजा रामाधिपतीने ती वसविली. तीन नद्यांच्या वेढ्यात चार शतके नांदलेले हे वैभव १७६७मध्ये ब्रह्मदेशी सैन्याने जाळले. जाळणारेही बुद्धाचेच उपासक होते, हे विसरता येत नाही. राजधानी भस्म झाली. पण पुढे बँकॉकच्या दीर्घ औपचारिक नावात थाई लोकांनी 'अयुथ्थया' जपली आणि १७९७मध्ये त्यांच्या पहिल्या राम राजाने 'रामकियन' हे रामायण सिद्ध करविले.

मुक्कामाच्या घरातील मावशींनी कन्येला आदल्या रात्री विचारले, "तुझा जन्मवार कोणता?" ती निरुत्तर झाली. तेथे प्रत्येक वाराचा एक रंग आणि एक बुद्धमुद्रा असते. वारांची नावेही आदित्य, चंद्र, बुध, बृहस्पती यांच्यावरूनच आलेली. तिने घरी दूरध्वनी केला. मलाही आठवेना. आईनेच सांगितले, "गुरुवार." गुरुवारचा रंग नारिंगी, मुद्रा ध्यानस्थ.

पहाटे त्या मावशींसह तिने अनवाणी उभे राहून भिक्षूंच्या पात्रांत भात आणि फळे वाढली. मग भिक्षूंचा पाठ चालू असता पितरांचे स्मरण करून पाणी सोडले. याला तेथे 'थाम बुन' म्हणतात. 'बुन' म्हणजे आपले पुण्यच. वाढदिवस हा घेण्याचा नव्हे, देण्याचा दिवस, हे तिला तेथे कळले.

आपली संस्कृती केवढ्या दूरवर पोहोचली होती, हे आपण व्यासपीठांवरून अभिमानाने सांगतो. तो अभिमान योग्यच आहे. परंतु अशा अभिमानी घरात वाढलेल्या मुलीला स्वतःचा जन्मवार ठाऊक नसावा, हा दोष तिचा नाही. आमच्याच घरी केक आधी येतो आणि औक्षण छायाचित्रापुरते उरते. दान तर कधीच विस्मरणात गेले. वारसा पूर्वजांनी दिला हे त्यांचे कर्तृत्व. थाई लोकांनी तो आपल्या पद्धतीने रोजच्या जगण्यात सांभाळला, हे त्यांचे. आपले कर्तृत्व कोणते?

मुलांच्या भटकंतीला भिऊ नये. त्यांच्या पिशवीत आपण घरून काय भरून देतो, याची काळजी करावी. आईच्या प्रश्नाचे उत्तर कन्येने परतल्यावर दिले. निरांजन लावायला सांगून ती म्हणाली, "बाबा, पुढच्या वाढदिवसाला आपण आधी सेवावस्तीत जाऊ. केकचे नंतर पाहू."