हसरा फोटो चालला नाही

मागच्या वर्षी तुम्हा सगळ्यांना मी एक लिंक पाठवली होती, आठवतंय? आमच्या सोसायटीखाली इस्त्रीची टपरी चालवणाऱ्या भाऊंच्या मुलाच्या हृदयाला भोक होतं आणि ऑपरेशनला तीन लाख लागणार होते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पैसे पाठवले, मावशीने तर पेन्शनमधून. आभार मानून झाले, पण एक गोष्ट सांगायची राहिली होती.

आवाहन मीच लिहिलं होतं. फोटो मागितला तर भाऊंनी मुलाला दिवाळीचा शर्ट घालून, भांग पाडून, मस्त हसरा फोटो पाठवला. मी म्हटलं, "भाऊ, हा नको. सलाईन लावलेला काढा ना एक." ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "ताई, शाळेतली पोरंपण बघतील ना तो?" मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. सलाईनवाला फोटो आला. बारा दिवसांत १ लाख ८४ हजार जमले.

शेजारच्याच कॉटवर एक मुलगी होती, तिलाही तोच आजार. तिच्या आईकडे साधा फोन होता आणि आवाहन लिहून देणारी कुणी ताई नव्हती. तिच्यासाठी एक रुपया जमला नाही. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका बाळाच्या १६ कोटींच्या इंजेक्शनसाठी लोकांनी भरभरून दिलं, तेव्हा मलाही भरून आलं होतं. पण खरं सांगू? आपण गरज बघून देत नाही, गोष्ट बघून देतो. गोष्ट सांगता न येणाऱ्याचं काय?

तेराव्या दिवशी हॉस्पिटलमधल्या समाजसेविका बाईंनी भाऊंना विचारलं, "रेशनकार्ड कुठलं आहे तुमचं?" आणि मग मला कळलं की महाराष्ट्रात मोठ्या धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, तेही २००६ पासून! महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात मुलांच्या हृदयातले जन्मजात दोषही येतात. दोन्ही मुलांची ऑपरेशनं शेवटी सरकारी योजनेतून झाली. तुमचे पैसे तपासण्या, औषधं आणि भाऊंची बुडालेली कमाई यांत गेले, उरलेले तुम्हाला विचारून तिथल्या रुग्णनिधीत दिले. हिशेब पाठवलेला आहेच.

आता कुणी म्हणेल, सगळंच योजनेत कुठे बसतं? बरोबर आहे. मंजुरीला वेळ लागतो, कागदपत्रांसाठी हेलपाटे पडतात, काही उपचार यादीतच नसतात. अशा वेळी लोकांपुढे हात पसरावाच लागतो आणि आपण द्यावंच. माझं म्हणणं एवढंच की तो शेवटचा दरवाजा असावा. मी तो पहिला ठोठावला. भाऊंचा हक्क काय आहे हे विचारायच्या आधीच त्यांच्या मुलाचं दुखणं चव्हाट्यावर मांडलं. अर्धा तास समाजसेवा विभागात जाऊन बसले असते तर?

म्हणून हल्ली अशी लिंक आली की जमेल तेवढे पैसे देते आणि एक फोनही करते. समाजसेविकेला भेटलात का? रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आहे का? हॉस्पिटल धर्मादाय आहे का? पैशांपेक्षा हा फोन जास्त उपयोगी पडतो कधीकधी.

असो. मुलगा आता ठणठणीत आहे, शाळेत जातो. ते आवाहनाचं पान मी काढून टाकायला लावलं. पण आपल्या घरच्या ग्रुपवर आणि तुम्ही पुढे पाठवला तिथे तो सलाईनवाला फोटो अजून असेल. तेवढा काढून टाका, प्लीज. भाऊंनी मला तेव्हाच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही.