भीड, भीक आणि पाच स्टार

पुण्या-मुंबईत काय किंवा एखाद्या तालुक्याच्या गावात काय, खाणावळीत ही पाटी तुम्ही नक्की वाचली असेल : "आवडल्यास इतरांना सांगा, न आवडल्यास आम्हाला सांगा." लहानपणी मला ही पाटी फार सज्जन वाटायची. साहेबाच्या देशात बरीच वर्षं काढल्यावर आता वाटतं, की इंटरनेटवरच्या रिव्ह्यूंचा निम्मा काळाबाजार या एका पाटीत मावतो. कौतुक चव्हाट्यावर आणि तक्रार कानात!

इथे "तुमचे रिव्ह्यू आम्ही सांभाळतो" म्हणणाऱ्या कंपन्या आहेत. त्यातल्या काहींची युक्ती अशी : ग्राहकाला आधी खाजगीत विचारायचं, कसं वाटलं? खूश असेल तर त्याला गूगलची लिंक पाठवायची, नाखूश असेल तर फक्त एक फॉर्म, जो थेट मालकाकडे जातो. म्हणजे आपली पाटीच की! फक्त वर महिन्याचं बिल.

यावर इथे हसायला किस्सेही भरपूर आहेत. ऊबा बटलर नावाच्या लेखकाने एकेकाळी दहा पौंडाला एक या भावाने हॉटेलांचे खोटे रिव्ह्यू लिहिले होते. २०१७ मध्ये त्याने लंडनच्या डलिच भागातली आपल्या बागेतली शेड ट्रिपॲडव्हायझरवर "रेस्टॉरंट" म्हणून नोंदवली. पदार्थांच्या फोटोंत दाढीचा फेस होता आणि एका फोटोत चक्क त्याची स्वतःची टाच. मित्रांनी रिव्ह्यू लिहिले. सहा-सात महिन्यांत, १८ हजारांहून अधिक हॉटेलांना मागे टाकून ती शेड लंडनमध्ये पहिल्या नंबरवर! तोपर्यंत तिथे एकही माणूस जेवला नव्हता.

उलट टोकही आहे. २०१४ मध्ये ब्लॅकपूलच्या एका हॉटेलने वाईट रिव्ह्यू लिहिला म्हणून एका जोडप्याच्या कार्डावरून १०० पौंड कापून घेतले. बुकिंगच्या अटींत तसं लिहिलं होतं म्हणे! बोभाटा झाल्यावर पैसे परत केले आणि ती अट काढली.

हे वाचून आपण हसतो, कारण यातला लबाड दुसरा कुणीतरी असतो. मीही हसायचो. २०२३ पर्यंत.

त्या वर्षी माझ्या एका मित्राने लंडनच्या पश्चिमेला मराठी खाण्याचं छोटं दुकान काढलं. नोकरी सोडली, घरावर कर्ज काढलं. नवरा-बायको पहाटे पाचला उठून बटाटे उकडायचे. एका रात्री आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा मेसेज आला : "एका बाईने दोन स्टार टाकलेत. वर्षभराची मेहनत मातीत जाईल. सगळ्यांनी पाच-पाच स्टार टाका रे, प्लीज!"

आता मित्राला नाही कसं म्हणायचं? मी लिहिलं : "अस्सल घरगुती चव, मन तृप्त झालं." त्याच्या घरी मी शंभरदा जेवलोय, तेव्हा चवीबद्दल खोटं नव्हतं. पण त्याच्या दुकानात मी तोवर पाऊलही टाकलं नव्हतं. मध्यरात्रीपर्यंत पंचवीसेक रिव्ह्यू जमले आणि त्या बाईंचा रिव्ह्यू खोल गाडला गेला. तो पूर्ण वाचण्याची तसदी आमच्यापैकी कुणीही घेतली नव्हती. मीही नाही.

महिन्याभराने दुकानात गेलो. माझ्यापुढे एक इंग्रज बाई शाळेतल्या मुलीला घेऊन उभ्या होत्या. साबुदाणा वड्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, यात नट्स आहेत का? काउंटरवरचा पोरगा अगदी विश्वासाने म्हणाला, "नो नट्स!"

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या हिशेबी नट्स म्हणजे काजू-बदाम. शेंगदाणा तो शेंगदाणा, तो कशाला नट? पण त्या वड्यात मूठभर दाण्याचं कूट होतं, आणि दाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या जिवावर चिमूटभरही बेतू शकतं. मी मधे पडलो. बाईंचा चेहरा पांढरा पडला. वडा न घेताच त्या निघून गेल्या.

बाहेर येऊन मी फोनवर तो दोन स्टारचा रिव्ह्यू शोधला. खाली, बराच खाली होता. बाईंनी लिहिलं होतं : जेवण चविष्ट, माणसं प्रेमळ, पण वड्यात दाणे आहेत हे विचारूनही कळलं नाही, माझ्या मुलाचे ओठ सुजले, कृपया लक्ष द्या. त्यात शिवीगाळ नव्हती, मत्सर नव्हता. दुकानाला मिळालेली ती सगळ्यात उपयोगी ओळ होती, आणि आम्ही पंचवीस सुशिक्षित माणसांनी मिळून ती पुरली होती.

मी कारखान्यातल्या यंत्रांवर देखरेख करणारा इंजिनियर. धोक्याचा दिवा लागला की आम्ही त्याच्यावर चिकटपट्टी लावत नाही. दिवा झाकला म्हणून बॉयलर थंड होत नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. मला त्या रात्री कळलं नाही, कारण मधे भीड आली. आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत, भीड भिकेची बहीण!

आता कायद्याचं. धंदेवाल्याने ग्राहकाचं सोंग घेणं इथे २००८ च्या नियमांनीच बेकायदा होतं. ६ एप्रिल २०२५ पासून २०२४ चा नवा कायदा लागू झाला आणि खोटे रिव्ह्यू लिहिणं, लिहून घेणं यावर थेट बंदी आली. सीएमए ही सरकारी संस्था कोर्टात न जाता कंपनीला जगभरातल्या उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत दंड करू शकते. खोट्याची व्याख्या सोपी आहे : प्रत्यक्ष अनुभवावर आधारलेला असल्याचं भासवणारा, पण नसलेला रिव्ह्यू. पैसे घेतले की नाही, हा प्रश्नच नाही. म्हणजे बटलरचा दहा पौंडांचा रिव्ह्यू आणि माझा फुकटचा, दोन्ही एकाच रांगेत!

मित्र म्हणाला, "अरे, तुझी महिन्याच्या महिन्याला पगाराची नोकरी. तुला काय कळणार? स्पर्धक मुद्दाम एक स्टार टाकतात. गिऱ्हाईक धमकी देतं, बिल माफ करा नाहीतर रिव्ह्यू टाकतो." हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण खोट्यावर खोट्याचा उतारा चालत नाही. निराधार आरोपासाठी कायदा आहे : २०२१ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने एका वकिली फर्मला लबाड ठरवणाऱ्या रिव्ह्यूबद्दल लिहिणाऱ्याला २५ हजार पौंड भरायला लावले. छोट्या दुकानदाराला कोर्ट परवडत नाही, हेही मान्य. त्याने निदान प्रत्येक गिऱ्हाइकाकडे, खूश असो वा नाराज, रिव्ह्यू मागावा. पुरावा असेल तर साइटकडे तक्रार करावी. आणि खऱ्या तक्रारीखाली सगळ्यांना दिसेल असं लिहावं : "चूक झाली, पाटी बदलली, पोराला शिकवलं." अशा एका उत्तरावर माझा जितका विश्वास बसतो, तितका शंभर "अप्रतिम!"वर बसत नाही.

तुम्ही म्हणाल, हे विलायतेचं पुराण आम्हाला कशाला? तर भारतातही २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. आणलं तेव्हा ते ऐच्छिक होतं. पण मानक काय किंवा कायदा काय, मामेभावाच्या क्लिनिकला आणि मेव्हण्याच्या क्लासला घरबसल्या पाच स्टार देणाऱ्या आपल्या बोटाला कोण आवरणार? त्या स्टारांवर विसंबून कुणी म्हाताऱ्या आईला तिथे नेणार असतं. त्या माणसाची भीड आपल्याला का वाटत नाही?

मी माझा रिव्ह्यू काढून टाकला आणि मित्राला का ते सांगितलं. आठवड्याभरात दुकानात पाटी लागली, पदार्थासमोर घटक, आणि "शेंगदाणे" मोठ्या अक्षरांत. इथल्या कायद्याने १४ ॲलर्जींची माहिती द्यावीच लागते, ती २०१४ पासूनच. पुढे दोन दिवाळ्या त्याचा फोन आला नाही. वहिनी एकदा दुकानात भेटल्या, चहा दिला, पैसे मात्र मोजून घेतले.

असो. वडा उत्तम होता. आता तसा रिव्ह्यू लिहायला हरकत नाही, कारण आता मी तो खरंच विकत घेऊन खाल्लाय. चार स्टार देईन म्हणतो, चटणी जरा पातळ होती.