बारा व्होल्टचा हिशेब

वार आणि मीटर यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने कापडाची गाठ सोडू नये, असे आमच्या धंद्यात म्हणतात. विजेच्या गाडीलाही हेच लागू आहे, हे मला नुकसान सोसून कळले.

ओझरहून चांदवडमार्गे मालेगावला माल आणायला मी विजेची गाडी वापरतो. लग्नसराईत एकदा माल तयार व्हायला उशीर होता, म्हणून गाडी सुरू न करता, नुसती चावी लावून पंखा व रेडिओ चालू ठेवला आणि दोन तास आत बसून राहिलो. लायटरच्या सॉकेटात लावलेले छोटे मीटर 11.8 दाखवीत होते. पण पडद्यावर चार्जिंग 60 टक्के! मी मीटरलाच खोटे ठरवले. माल आला, पण गाडी सुरू होईना. ओझरला पोचेपर्यंत रात्र झाली आणि वाट पाहणारे गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात गेले.

मीटर खरे बोलत होते. विजेच्या मोटारीत बॅटऱ्या दोन असतात. गाडी ओढणारी मोठी, साधारणतः 300 ते 400 व्होल्टची. आणि दिवे, कुलूप, पडदा, संगणक चालवणारी लहान, 12 व्होल्टची. मोठीची वीज मोटारीला जोडणारा स्विच या लहान बॅटरीवर चालतो. म्हणजे तिजोरी भरलेली, पण किल्ली हरवलेली! जाणकार मिस्त्रीने दुसऱ्या बॅटरीची वीज लहान बॅटरीला दिली आणि गाडी लगेच सुरू झाली.

सॉकेटातले मीटर फक्त लहान बॅटरीची खबर देते. गाडी बंद असता साधारण 12.6 म्हणजे लहान बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी, 12 च्या खाली म्हणजे धोका. गाडी चालू असता मोठी बॅटरी लहानीला भरते, तेव्हा आकडा बहुधा 13.5 ते 14.5 असतो. चालत्या गाडीत तो 12 कडे उतरत राहिला, तर पुढे न जाता दुरुस्तीकडे वळावे. स्वस्त मीटर थोडेफार कमीजास्त दाखवते, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट फोनवरच्या सूचनांची. रात्री 'चार्जिंग थांबले' असा संदेश येतो आणि आपण तो जाहिरात समजून पुसतो. त्यामागे कारण असते: वीज गेली, व्होल्टेज घसरले, अर्थिंग नीट नाही किंवा प्लग तापला. घरच्या 15 अँपिअरच्या सॉकेटातून तासाला सुमारे तीन युनिटे भरतात. 30 युनिटांच्या बॅटरीला दहाएक तास लागतात. मध्यरात्री थांबलेले चार्जिंग सकाळी कळले, तर दिवस बुडाला. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे आणि जोडवायर लावून गाडी भरू नये.

माझे म्हणणे विक्रेत्यांना आहे. लाखोंची गाडी विकता, तर या सूचनांचा अर्थ मराठीत व उर्दूत एका पानावर छापून द्या. इंग्रजी पुस्तिका गाडीच्या कप्प्यात पडून राहते. आणि व्यापारी बांधवांनो, गाडी ताब्यात घेण्याआधी हे विचारायला लाजू नका. कापड हातात घेऊन पोत पाहिल्याखेरीज आपण पैसे मोजत नाही, मग इथेच गप्प का बसावे?