मापात पाप

११ डिसेंबर २०२४ रोजी फिफाने २०३४ चा फुटबॉल विश्वचषक सौदी अरेबियाला बहाल केला. दावेदार एकच होता, त्यामुळे निकालाची उत्सुकता कुणाला नव्हती. माझ्या ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या संध्याकाळी सूर होता, ‘आता पुन्हा गरीब मजुरांच्या हाडांवर स्टेडियम उभी राहणार.’ मोहल्ल्याच्या ग्रुपवर सूर होता, ‘झाली सुरुवात! मुस्लिम देशाने काही मोठे केले की यांच्या पोटात दुखते.’ २०२२ साली कतारच्या वेळीही हेच दोन सूर जवळपास याच शब्दांत ऐकले होते. पुढची दहा वर्षे ते ऐकू येत राहणार आहेत. तेव्हा एकदा नीट हिशेब मांडून घेतलेला बरा.

कतारला विश्वचषक मिळाला डिसेंबर २०१० मध्ये. पुढच्या बारा वर्षांत सात नवी स्टेडियम, मेट्रो, रस्ते, हॉटेले आणि लुसैल नावाचे अख्खे शहर वाळूत उभे राहिले. ते बांधणारे हात नेपाळ, बांगलादेश, भारत, पाकिस्तान, श्रीलंका, केनिया इथून आलेले होते. एजंटाला देण्यासाठी घर गहाण टाकून किंवा सावकाराचे कर्ज काढून आलेले. तिथे त्यांच्यासाठी कफाला पद्धत होती. व्हिसा मालकाच्या नावावर, नोकरी बदलायची तर मालकाचे ना-हरकत पत्र, आणि देश सोडून घरी जायचे तरी मालकाची परवानगी. पासपोर्ट बहुधा मालकाच्याच कपाटात. कोकणातल्या ज्या घरांत एक तरी माणूस ‘गल्फला’ आहे, त्यांना हे मी समजावून सांगायची गरज नाही.

मृत्यूंचा आकडा हा सगळ्यात मोठा वाद. ‘द गार्डियन’ने फेब्रुवारी २०२१ मध्ये छापले की विश्वचषक जाहीर झाल्यापासून कतारमध्ये पाच दक्षिण आशियाई देशांचे ६,५०० हून अधिक स्थलांतरित कामगार मेले. त्यात भारतीय २,७११. मोहल्ल्याचा ग्रुप म्हणतो, हे सगळे काही स्टेडियमवर मेले नाहीत. बरोबर आहे. त्या आकड्यात सगळ्या वयांचे, सगळ्या कामांतले लोक आहेत. आयोजक सांगत होते की स्टेडियमच्या कामामुळे झालेले मृत्यू फक्त ३. मग नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच आयोजन समितीचे प्रमुख एका मुलाखतीत बोलून गेले की विश्वचषकाशी जोडलेल्या सगळ्या कामांत मिळून ४०० ते ५०० गेले असतील. ३, ४००, ६,५००. एकाच देशातल्या मृत्यूंचे तीन आकडे, तेही इतक्या अंतराचे कसे?

याचे कारण दाखल्यात आहे. कितीतरी तरुण मजुरांच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलेले असे, ‘नैसर्गिक मृत्यू’ किंवा ‘हृदयक्रिया बंद पडली’. शवविच्छेदन बहुतेकदा झालेलेच नसे. हृदयक्रिया तर प्रत्येक मेलेल्या माणसाची बंद पडते. तिशीच्या आतला, निघताना वैद्यकीय तपासणीत पास झालेला माणूस भर उन्हात दिवसभर राबून रात्री झोपेत जातो, तेव्हा ती का बंद पडली हा प्रश्न असतो. दाखल्यावर ‘नैसर्गिक’ लिहिले की तो प्रश्न संपतो आणि त्याबरोबर कंपनीने द्यायची भरपाईही. हृदयविज्ञानाच्या एका नियतकालिकात २०१९ साली नेपाळी कामगारांविषयी अभ्यास आला. २००९ ते २०१७ या काळात हृदयविकाराच्या नावावर नोंदलेल्या ५७१ मृत्यूंपैकी २०० पर्यंत मृत्यू उष्णतेपासून संरक्षण दिले असते तर टळले असते, असा त्याचा अंदाज होता. माझे रोजचे काम डेटाबेसशी असते. रिकामा रकाना म्हणजे शून्य नव्हे, हे आम्ही नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. सरकारांना मात्र रिकामा रकाना शून्य म्हणून वाचायची फार हौस असते.

आता न्यायाने बोलायचे तर कतारने बदल केले. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे कार्यालय दोहात उघडले. २०२० मध्ये ना-हरकत पत्राची अट कायद्याने गेली. मार्च २०२१ पासून महिना १,००० रियाल किमान वेतन लागू झाले, देशी-परदेशी असा भेद न करता. उन्हाळ्यात सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावरचे काम बंद झाले. अंमलबजावणीत भोके खूप, पण कागदावर तरी हे आले. ते कुणा अमीराच्या दयेने आले नाही. पत्रकार लिहीत राहिले, कामगार संघटना मागे लागल्या, २०१४ मध्ये श्रम संघटनेकडे रीतसर तक्रार गेली, तेव्हा आले. म्हणजे ज्या टीकेला आपण ‘बदनामी’ म्हणत होतो, तिच्यामुळे आपल्याच गावातल्या कुणाला तरी नोकरी बदलता आली.

आणि तरीही मोहल्ल्याच्या ग्रुपची तक्रार खोटी नाही. ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री इंग्लंडमध्ये मोरकम खाडीत शिंपले वेचणारे किमान २१ चिनी मजूर भरतीच्या पाण्यात बुडाले. मुकादमाने त्यांना अंधारात, ओहोटीची वेळ न पाहता उतरवले होते. जून २०२४ मध्ये इटलीत, रोमजवळच्या लातिना भागात, एका पंजाबी शेतमजुराचा हात यंत्रात तुटला. त्याला दवाखान्यात न नेता घरासमोर टाकून दिले आणि तुटलेला हात फळांच्या पेटीत ठेवून दिला. तो मेला. अमेरिकेत २०२३ मध्ये सरकारनेच जाहीर केले की कत्तलखाने धुण्याचे रात्रपाळीचे काम एका कंपनीने १०२ अल्पवयीन मुलांकडून करून घेतले. या तीन घटनांवर बातम्या आल्या, मोरकमनंतर इंग्लंडमध्ये मुकादमांना परवाना लावणारा कायदाही झाला. पण यावरून कुणी ‘ख्रिस्ती संस्कृतीत मजुराला किंमतच नाही’ असा लेख लिहिला नाही. तिथे तो एका नालायक ठेकेदाराचा गुन्हा ठरतो. आखातात घडले की तो धर्माचा, संस्कृतीचा, अरबांच्या रक्ताचा गुण ठरतो.

दांभिकपणाचे वेळापत्रकही पाहण्यासारखे आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी जर्मन संघाने सामन्याआधी तोंडावर हात ठेवून फिफाचा निषेध केला. २९ नोव्हेंबरला, स्पर्धा चालू असतानाच, जर्मनीला किमान पंधरा वर्षे कतारी गॅस पुरवण्याचे करार जाहीर झाले. वाक्राचे स्टेडियम झाहा हदीद यांच्या आणि लुसैलचे फॉस्टर यांच्या, म्हणजे दोन्ही ब्रिटिश कार्यालयांच्या रेखाटनांतले. नफ्यातला वाटा घेताना कतार आधुनिक होता.

पण यातून सिद्ध काय होते? टीका करणाऱ्याची नियत साफ नाही, एवढेच. मजुराचा थकलेला पगार त्यामुळे फिटत नाही. ही गोष्ट आपल्याकडे एका माणसाने सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी नेमकी ओळखली होती, म्हणून जरा मुंबईत येऊ.

१८७० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्या झपाट्याने वाढत होत्या. त्या वेळची ती ‘वेगाने वाढणारी अर्थव्यवस्था’. मँचेस्टर-लँकेशायरच्या गिरणीमालकांना एकदम मुंबईतल्या बालमजुरांची कणव आली आणि भारतात कारखान्यांचा कायदा करा म्हणून त्यांनी लंडनमध्ये दबाव आणला. हे तेच लँकेशायर, जिथे दोन-तीन पिढ्यांपूर्वी सहा-सात वर्षांची लेकरे गिरणीत राबत होती आणि जिथला कापूस अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेला होता. त्यांना खरी चिंता मुंबईच्या स्वस्त सुताची होती. मुंबईच्या मालकांनी ओरड केली की हा आपल्या उद्योगाचा गळा घोटण्याचा डाव आहे. बहुतेक राष्ट्रवादी वृत्तपत्रे मालकांच्या बाजूने उभी राहिली. आपला उद्योग आत्ता कुठे उभा राहतोय, नियम नंतर बघू. ओळखीचे वाटते ना?

१८८१ चा कायदा झाला तो अगदी लुळा. सात वर्षांखालच्या मुलांना बंदी, सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तास. प्रौढांच्या तासांना मर्यादा नाहीच. तेव्हा सत्यशोधक समाजाचे नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. १८८४ मध्ये त्यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज कारखाना आयोगापुढे ठेवला. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, कामावर जखमी झाल्यास भरपाई. लँकेशायरचा डाव लोखंड्यांना कळत नव्हता असे मानायला ते काही भोळे नव्हते. पण मँचेस्टरच्या स्वार्थापायी परळच्या कामगाराने सुट्टी मागू नये, हा तर्क त्यांनी मानला नाही. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. ती आपण आजही घेतो. आयटीवाले तर दोन दिवस घेतो.

लोखंड्यांनी कामगाराला विचारले, तुला काय हवे. आपल्या दोन्ही ग्रुपवर हा प्रश्न कुणी विचारत नाही. ऑफिसच्या ग्रुपला आखाताला नावे ठेवायची असतात आणि मोहल्ल्याच्या ग्रुपला आखाताची इज्जत राखायची असते.

ऑफिसच्या ग्रुपला माझा एक प्रश्न असतो. १९८२ च्या एशियाडसाठी दिल्लीत स्टेडियम आणि उड्डाणपूल बांधणारे मजूर राजस्थान, उत्तर प्रदेश, ओडिशातून आणले होते. किमान मजुरी रोज ९ रुपये २५ पैसे. जमादार त्यातला एक रुपया कापून घेत आणि हातात ८ रुपये २५ पैसे ठेवत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती भगवतींच्या खंडपीठाने सांगितले की किमान वेतनाहून कमी पैशांत करून घेतलेले काम म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ ने बंदी घातलेली वेठबिगारी. खेळांचा महोत्सव, परगावचा मजूर, मधला दलाल आणि एक रुपयाची कपात. कफाला हा शब्द तेवढा नव्हता. आणि मृत्यूच्या नोंदींचे म्हणाल, तर ८ मे २०२० रोजी करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातून ते मध्य प्रदेशात पायी घरी निघाले होते. त्या सप्टेंबरात संसदेत सरकारने लेखी उत्तर दिले की टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले याची माहिती ठेवलेली नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्नच उद्भवत नाही. दोहाचा दाखला निदान ‘हृदयक्रिया’ तरी लिहीत होता.

मोहल्ल्याच्या ग्रुपशी मात्र माझे बोलणे वेगळे, घरातले आहे. कुरआनात एक अख्खी सूरह, अल-मुतफ्फिफीन, मापात पाप करणाऱ्यांचे नाव घेऊन सुरू होते. घेताना पुरेपूर मापून घेणारे आणि देताना कमी देणारे, त्यांच्यावर कोप. आपण ती दुकानदारांसाठी आहे असे समजून पुढे जातो. पण ‘लातिनाच्या मजुराबद्दल बोला’ असे गोऱ्यांना पुरेपूर मापाने सुनावायचे आणि दोहाच्या मजुराचे माप मात्र हलके धरायचे, हेही तेच आहे. घाम सुकण्याआधी मजुरी द्या, ही हदीस आपण इस्लामच्या मोठेपणाचा पुरावा म्हणून इतरांना ऐकवतो. ती ज्यांना उद्देशून आहे त्यांत आखाती ठेकेदार येतात, तसे आपले कारखानदारही येतात. भिवंडी-मालेगावच्या मागावर बारा बारा तासांची पाळी चालते. कारखानदार नमाजी, कारागीरही नमाजी, आणि हजेरीपुस्तकात कारागिराचे नाव सापडेलच असे नाही. मुंबईच्या जरीच्या गाळ्यांत बिहारहून आणलेली पोरे राबलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ‘त्याच्या घरी तरी काय खायला होते’ हे तिथले उत्तर आणि कफीलाचे उत्तर शब्दशः एक आहे.

यात एक नवी गोष्ट भर घालते आहे. मालदा-मुर्शिदाबादहून आलेला गवंडी आज महाराष्ट्रात बंगाली बोलतो म्हणून ‘बांगलादेशी’ ठरू शकतो. २०२५ मध्ये इथून पकडलेल्या काही भारतीयांना थेट सीमेपार ढकलल्याचे आणि मग परत आणावे लागल्याचेही घडले. ज्याला हाकलले जाण्याची भीती आहे तो मजुरीसाठी भांडत नाही. कफाला याच भीतीवर चालत होता. म्हणून आपल्या मशिदीच्या बांधकामावर तो गवंडी असेल, तर चंद्याच्या फलकाशेजारी रोज किती ठरला आणि किती दिला हेही कमिटीने लिहावे, असे मला वाटते. बांधकाम कामगार मंडळात त्याची नोंदणी करून देणे तर आपल्यातल्या कुणाही शिकलेल्या पोराला जमण्याजोगे आहे.

सौदीचे काम आता सुरू होईल, आणि भरतीच्या जाहिराती रत्नागिरी, रायगड, मराठवाड्यातही लागतील. एजंटाने घ्यायच्या सेवाशुल्काची कायदेशीर मर्यादा ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी आहे. एजंटाचा परवाना ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर पाहता येतो. दहावी न झालेल्यांना जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते आणि तिच्यासोबत प्रवासी भारतीय विमा योजनेचे दहा लाखांचे संरक्षण येते. ‘व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे बघून घेऊ’ म्हणणारा एजंट हे सगळे एका फटक्यात घालवतो.

या अंकापासून आम्ही एक वही उघडत आहोत. तुमच्या गावात, नात्यात आखातातून कुणाचा मृतदेह आला असेल, तर घरच्यांची परवानगी घेऊन एवढेच कळवा. वय किती होते, काम काय होते, एजंटाला किती रुपये दिले होते, मृत्यूच्या दाखल्यावर कारण काय लिहिले आहे, थकलेला पगार आणि भरपाई मिळाली का. माग, जरी, बांधकाम आणि ऊसतोडीतल्या मृत्यूंसाठीही तेच रकाने आहेत, फक्त देशाच्या जागी मालकाचा तालुका लिहायचा. नावे आम्ही छापणार नाही.